साक्ष आणि पक्ष : अ‍ॅग्नेस स्मेडलीचे लेखन

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने पाच भारतीय डॉक्टर मुंबई बंदरातून चीनकडे निघाले. डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख. डॉ. चोळकर नागपूरचे, डॉ. कोटणीस सोलापूरचे, आणि डॉ. बसू व डॉ. मुखर्जी कलकत्त्याचे. यांपैकी द्वारकानाथ कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी उत्तर चीनमध्ये मरण पावले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकामुळे आणि पुढे १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे त्यांची कहाणी महाराष्ट्रात घरोघर पोचली. मात्र या कहाणीच्या आरंभी एक पत्र आहे. चीनच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी ते नोव्हेंबर १९३७ मध्ये जवाहरलाल नेहरूंना लिहिले आणि हिंदुस्थानकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. त्या पत्रामागची प्रेरणा एका अमेरिकन बाईची होती. कोटणिसांच्या चरित्रात तिचे नाव एखाददुसऱ्या ओळीत येते आणि निघून जाते. मराठी वाचकाची अ‍ॅग्नेस स्मेडलीशी ओळख सहसा या एका ओळीपुरतीच असते.

ही ओळख अपुरी आहे, आणि केवळ तिच्या कार्याचे श्रेय तिला मिळाले नाही म्हणून अपुरी आहे असे नव्हे. स्मेडली लेखिका होती. वृत्तपत्रासाठी लिहिणारी, घाईने, आजारपणात, तळाच्या उजेडात लिहिणारी, परंतु लेखिका. परक्या देशाच्या क्रांतीशी जिने आपले सारे आयुष्य बांधून घेतले, तिच्या लेखनाकडे पाहताना एक प्रश्न टाळता येत नाही. जो पक्ष घेतो त्याची साक्ष कितपत ग्राह्य मानावी? मराठीत बांधिलकीची चर्चा पुष्कळ झाली, पण ती बहुधा कवितेच्या आणि कथेच्या अंगाने झाली. प्रत्यक्ष पाहिलेले सांगणाऱ्या गद्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठोर होतो, कारण तेथे लेखकाचे सौंदर्यदोष क्षम्य असतात, खोटेपणा नसतो.

स्मेडलीचा जन्म २३ फेब्रुवारी १८९२ चा, मिसूरी राज्यातील ऑसगुड या खेड्याजवळचा. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाईंचे अमेरिकेविषयीचे प्रवासवृत्त मराठीत प्रसिद्ध झाले होते. रमाबाईंनी पाहिलेली अमेरिका संस्था उभारणाऱ्या, सभा चालवणाऱ्या, शिकलेल्या स्त्रियांची होती, आणि ती खोटी नव्हती. परंतु त्याच देशात स्मेडलीची आई दुसऱ्यांचे कपडे धुऊन आणि खानावळ चालवून मुले वाढवीत होती. बाप फिरस्ता, गोष्टीवेल्हाळ, दारूच्या आहारी गेलेला. कोलोरॅडोतील ट्रिनिडाडच्या आसपासच्या कोळशाच्या खाणवस्त्यांत बैलघोड्यांच्या जोड्या लावून कंत्राटे घेणारा आणि दरवेळी बुडणारा. १९१० मध्ये आई गेली. ती अजून म्हातारी झाली नव्हती.

हे सारे 'डॉटर ऑफ अर्थ' या १९२९ च्या कादंबरीत आले आहे. तिला कादंबरी म्हणायचे ते नायिकेचे नाव मेरी रॉजर्स आहे म्हणून. एरवी ते आत्मकथनच आहे. निवेदिका डेन्मार्कच्या समुद्राकाठी बसून लिहिते आहे आणि सौंदर्यनिर्मितीचा हेतू ती आरंभीच नाकारते. आपले आयुष्य तिला तुकड्यांनी जोडलेल्या गोधडीसारखे दिसते. ही प्रतिमा मराठी वाचकाला परकी वाटू नये. गोधडीत कापड निवडलेले नसते, उरलेले असते. आणि तिची वीण आतून, उलट्या बाजूने अधिक स्पष्ट दिसते. कादंबरीची रचना तशीच आहे. प्रसंग एकापुढे एक येतात, त्यांच्यातले अंतर भरण्याची खटपट लेखिका करीत नाही, आणि मध्येच एखाद्या ठिकाणी टाका इतका घट्ट बसतो की वाचक थांबतो.

असा एक प्रसंग वाढदिवसाचा आहे. मेरीला शाळेतल्या एका श्रीमंत मुलीच्या घरी बोलावणे येते. आई महागाची म्हणून तीन केळी भेट द्यायला आणून देते. तेथे पोचल्यावर इतर मुलांनी आणलेल्या वस्तू टेबलावर मांडलेल्या दिसतात, आणि केळी ही भेट नसते हे त्या मुलीला कोणी न सांगता कळते. या ठिकाणी समाजव्यवस्थेवर भाष्य करण्याचा मोह कोणत्याही पुरोगामी लेखकाला झाला असता. स्मेडली तो टाळते. ती केळ्यांकडे पाहत राहते. दलित आत्मकथनांतून, विशेषतः बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' या पुस्तकांतून, मराठीला या प्रकारच्या अनुभवाची जी भाषा मिळाली ती १९८० नंतर मिळाली. जातीचा अनुभव आणि खाणमजुराच्या गोऱ्या मुलीचा अनुभव एक नव्हे, आणि तसे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तथापि लाज ही भावना सांगताना या तिघींच्या वाक्यांतून विशेषणे गळून पडतात, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

कादंबरीचे दुसरे बळ तिच्या निर्दयपणात आहे, आणि तो निर्दयपणा प्रथम स्वतःकडे वळलेला आहे. मेरी घरातून निसटते, शिकते, मास्तरीण होते. मागे राहिलेली भावंडे मदत मागतात. घोडा चोरल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या भावाला ती एक उपदेशपर, कोरडे पत्र पाठवते. पुढे तो भाऊ रोजंदारीवर चर खणताना मातीखाली गाडला जातो. आपण वर चढलो ते कोणाच्या खांद्यावरून, हा हिशेब लेखिका मिटवीत नाही. हेलन या मावशीचे चित्रण याच्याच जोडीला पाहावे. हेलन धुलाईच्या कारखान्यातून वेश्याव्यवसायाकडे जाते आणि तिच्या पैशावर बहिणीचा संसार तरतो. लग्न झालेल्या बाईपेक्षा आपण अधिक स्वतंत्र आहोत हा हेलनचा युक्तिवाद मेरी ऐकून घेते, आणि कादंबरीत त्याला शेवटपर्यंत पुरते उत्तर मिळत नाही. 'कळ्यांचे निःश्वास' मराठीत आले ते १९३३ मध्ये, म्हणजे 'डॉटर ऑफ अर्थ'नंतर चारच वर्षांनी, आणि त्याच्या लेखिकेला विभावरी शिरूरकर या नावाआड उभे राहावे लागले. स्मेडलीने आपले नाव आवरणावर ठेवले आणि नायिकेचे तेवढे बदलले. दोन समाजांतील मोकळीकीतला फरक यातून दिसतो असे कोणी म्हणेल. पण अमेरिकेतही हे पुस्तक पुढे विस्मरणात गेले आणि १९७३ मध्ये फेमिनिस्ट प्रेसने ते पुन्हा छापीपर्यंत जवळजवळ अज्ञातच राहिले.

हिंदुस्थानी वाचकाला या पुस्तकाचा उत्तरार्ध अधिक अस्वस्थ करतो. न्यूयॉर्कमध्ये आल्यावर स्मेडली लाला लजपतराय यांच्याकडे हिंदुस्थानचा इतिहास शिकू लागली आणि तेथून परदेशस्थ क्रांतिकारकांच्या वर्तुळात ओढली गेली. मार्च १९१८ मध्ये तिला शैलेंद्रनाथ घोष यांच्याबरोबर अटक झाली. न्यूयॉर्कच्या 'टूम्ब्स' तुरुंगातील सोबतिणींवर तिने लिहिलेली 'सेल मेट्स' ही छोटी शब्दचित्रे म्हणजे तिच्या पत्रकारितेचा खरा आरंभ होय. राजकीय कैदी बायकांइतकीच जागा त्यांत किरकोळ गुन्ह्यांसाठी आलेल्या बायकांना मिळाली आहे, हे पुढच्या दृष्टीने महत्त्वाचे. १९२० च्या अखेरीस ती युरोपला निघाली आणि बर्लिनमध्ये सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी तिचे सहजीवन सुरू झाले. १९२१ मध्ये बर्लिनचे हिंदी क्रांतिकारक मॉस्कोला गेले, त्यांत तीही होती आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गटापुढे या मंडळींचे काही चालले नाही. कम्युनिस्ट इंटरनॅशनलने रॉय यांची बाजू उचलून धरली.

कादंबरीत लजपतराय यांच्यावरून रेखाटलेला वृद्ध गुरू सरदार रणजित सिंग येतो आणि चट्टोपाध्यायांच्या जागी आनंद मानवेकर. हे आडनाव कानाला थेट कोकण-गोमंतकातले वाटते. बंगाली नायकाला हे नाव कोठून सुचले असेल ते असो, पण त्यामुळे मराठी वाचकाला पुस्तकाच्या शेवटी चुकवता येणार नाही असा एक आरसा समोर येतो. क्रांतिकारकांपैकीच एक पुरुष मेरीवर बळजबरी करतो. पुढे तीच गोष्ट आनंदला राजकारणात नामोहरम करण्यासाठी शस्त्रासारखी वापरली जाते. आणि देशासाठी सर्वस्व द्यायला निघालेला, बुद्धिमान, उदार आनंद पत्नीच्या भूतकाळाशी समझोता करू शकत नाही. संसार मोडतो, पुस्तक संपते. राष्ट्राच्या स्वातंत्र्याचे ध्येय बाळगणाऱ्या माणसांच्या मनात स्त्रीचे शील ही अजून पुरुषाची मालमत्ताच कशी होती, याचा इतका जवळून आणि इतक्या प्रेमाने दिलेला जबाब आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या वाङ्मयात विरळाच. 'प्रेमाने' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. स्मेडलीने हिंदुस्थानचा पक्ष सोडला नाही. पक्ष न सोडता तिने त्याच्याविरुद्ध साक्ष दिली.

हेच तिच्या लेखनाचे मर्म आहे, आणि चीनविषयीची तिची पुस्तके याच कसोटीवर तपासायला हवीत. सगळी पुस्तके तेथे उतरत नाहीत.

१९२८ च्या अखेरीस ती 'फ्रांकफुर्टर त्साइटुंग' या जर्मन वृत्तपत्राची वार्ताहर म्हणून चीनला निघाली. शांघायमध्ये लू शुन, माओ तुन, तिंग लिंग, सुंग चिंग-लिंग यांच्याशी तिचा निकटचा संबंध आला. १९३० मध्ये लू शुन यांच्या पन्नाशीचा समारंभ पोलिसांचा डोळा चुकवून घडवून आणण्यात तिचा पुढाकार होता. केटे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीची चित्रे लू शुन यांच्यापर्यंत पोचवण्यात तिचा वाटा होता आणि लू शुन यांनी १९३६ मध्ये काढलेल्या त्या चित्रसंग्रहाला तिची प्रस्तावना आहे. कोलवित्झच्या चित्रांतल्या, मुलांना कवेत घेऊन उभ्या राहिलेल्या दणकट मजूर आया पाहिल्या की ट्रिनिडाडची धोबीण आठवते; त्या चित्रांकडे स्मेडली ओढली जावी यात नवल नव्हते.

'चायनीज डेस्टिनीज' (१९३३) या संग्रहात काही अस्सल व्यक्तिचित्रे आहेत. त्यानंतरचे 'चायनाज रेड आर्मी मार्चेस' (१९३४) मात्र फसले आहे. लाल सेनेच्या ज्या प्रदेशाचे वर्णन ती करते तेथे ती तोवर गेलीच नव्हती. शांघायच्या घरात लपून राहिलेल्या सैनिकांनी सांगितलेल्या हकिकतींवर ते उभारलेले आहे. परिणाम व्हायचा तोच झाला. माणसांची गर्दी झाली, शेतकरी एकमुखाने बोलू लागले, जमीनदार एकाच साच्यातले निघाले. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राड न पाहता स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि तो उभा राहिला, कारण पोवाड्याला पाहण्याची अट नसते; त्याला आवेशाची आणि लयीची अट असते. वृत्तांतगद्याला आवेश पुरत नाही. जेथे स्मेडलीचे डोळे नाहीत तेथे तिची निष्ठा तिला तारू शकत नाही, ही गोष्ट तिच्या चाहत्यांनी अधिक मोकळेपणाने मान्य करायला हवी होती.

उलट उदाहरण 'बॅटल हिम ऑफ चायना' या १९४३ च्या ग्रंथातील रेशीमकामगार स्त्रियांवरील प्रकरणाचे. कँटनजवळच्या रेशमाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या, लग्न नाकारून स्वतःच्या कमाईवर एकत्र राहणाऱ्या मुलींना ती १९३० मध्ये भेटायला गेली. सोबतचा तरुण त्यांच्याविषयी तुच्छतेने बोलत होता. त्यांच्या मैत्रीला गावात कुत्सित नावे होती. भाषा येत नाही, दुभाष्या शत्रुपक्षाचा. स्मेडली त्या मुलींच्या शेजारी जाऊन बसते. हातांनी, खुणांनी बोलणे होते. या प्रकरणात तिला काय समजले यापेक्षा काय समजू दिले गेले नाही हेही दिसत राहते आणि म्हणून ते विश्वसनीय ठरते. मावशीचा जुना प्रश्न, कमावती बाई आणि लग्नाची बाई यांतली मोकळी कोण, येथे दुसऱ्या खंडात पुन्हा उभा राहतो.

१९३६ च्या डिसेंबरात च्यांग कै-शेकला सीआनमध्ये त्याच्याच सेनापतींनी ताब्यात घेतले तेव्हा ती त्या शहरात होती आणि तेथून तिने इंग्रजीत नभोवाणीवर वार्तापत्रे दिली. जानेवारी १९३७ मध्ये ती येनानला पोचली. एडगर स्नो तिच्या आधी, १९३६ मध्ये, लाल प्रदेशात जाऊन आला होता आणि त्याचे 'रेड स्टार ओव्हर चायना' जगभर गाजले. स्नोचे पुस्तक अधिक बांधीव, अधिक माहितीपूर्ण आहे यात शंका नाही. तो पाहतो, टिपतो, परततो. स्मेडलीला परतायचे नव्हते. तिने येनानमध्ये सेनानींना नाच शिकवले, ग्रंथालयासाठी परदेशी पुस्तके मागवली, नेत्यांच्या बायकांचा रोष ओढवून घेतला आणि पक्षाचे सभासदत्व मागितले. ते नाकारण्यात आले. ती त्या वेळी कोसळून रडली असे चरित्रकार सांगतात. व्यक्तीच्या दृष्टीने हा मोठा आघात होता. वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र ते हिताचेच झाले, असे म्हणणे भाग आहे. सभासदत्व मिळाले असते तर तिच्या लेखनातील सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे न जुमानणारा स्वर, पक्षशिस्तीने कापला गेला असता.

पुढची तीन वर्षे तिने सैन्याबरोबर काढली. पाठीच्या दुखण्याने बेजार असताना, कधी घोड्यावर तर कधी पायी. 'चायना फाइट्स बॅक' (१९३८) हे दैनंदिनीवजा पुस्तक आठव्या मार्गसेनेबरोबरचे. १९३८ मध्ये हँकोत ती चिनी रेडक्रॉसच्या वैद्यकीय दलासाठी खपत होती आणि 'मँचेस्टर गार्डियन'साठी लिहीत होती. सप्टेंबरच्या अखेरीस कोटणिसांचे पथक तेथेच येऊन दाखल झाले. नंतर ती यांगत्सेच्या खोऱ्यात नव्या चौथ्या सेनेबरोबर हिंडली. या काळातल्या तिच्या लेखनात डावपेच कमी आणि जखमी माणसे अधिक आहेत. डोल्या नाहीत, जंतुनाशके नाहीत, जखमी शिपाई मैलोन्‌मैल स्वतःच्या पायांनी मागे येत आहेत. मदत मागण्यासाठी लिहिलेले हे वृत्तांत आहेत, आणि तरी त्यांत याचनेचा सूर नाही.

'माय चायनीज सन' या तुकड्यात हे सर्व गुण एकवटले आहेत. गनिमी सैनिकांनी तिच्या दिमतीला दहाअकरा वर्षांचे एक पोर दिले. शेन कुओ-हुआ त्याचे नाव. तो तिचे पाणी तापवतो, उवांची काळजी घेतो, तिची प्रकृती जपतो, आणि वेळ मिळेल तसे लिहायला शिकतो. तिला त्याला दत्तक घ्यावेसे वाटते. सेना हरकत घेत नाही, निर्णय त्याच्यावर सोपवते. मुलगा विचार करून सांगतो की तूर्त आघाडी सोडता येणार नाही, अखेरचा विजय झाल्यावर तुम्ही मला दत्तक घ्या. प्रचारपुस्तिकेला शोभेल असाच हा शेवट आहे. तरीही वाचताना त्याचा प्रचार होत नाही, कारण एकटी पडलेली मध्यमवयीन बाई काय गमावते आहे हे त्या ओळींतून लपत नाही. मुलगा बरोबर होता का? सेनेने त्याच्यावर सोपवलेला निर्णय खरोखर त्याचा होता का? स्मेडली हे प्रश्न विचारीत नाही, पण वाचकाला ते पडू नयेत अशी तजवीजही करीत नाही. ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या लढ्याविषयी गोदावरी परुळेकर यांनी लिहिलेल्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७२ मध्ये साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभलेल्या पुस्तकाशी याची तुलना उद्बोधक ठरते. गोदूताईंचे निवेदन अधिक शांत आहे, कारण त्या ज्यांच्याविषयी लिहितात त्यांच्याच चळवळीच्या त्या संघटक आहेत. लोक बोलतात तेव्हा त्या मागे सरतात. स्मेडलीला असे सरता येत नाही. तिच्या पानापानावर ती आहे, कधी नको तितकी. भावविवशता हा तिचा दोष खरा. पण ती परकी होती आणि परकेपणा लपवण्यापेक्षा तिने तो पानावर ठेवला.

आता त्या प्रश्नाकडे, जो तिच्या नावाला १९४९ पासून चिकटला आहे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी अमेरिकन सैन्याने प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिला सोव्हिएत हेर ठरवण्यात आले. तिने जाहीर आव्हान दिले आणि थोड्याच दिवसांत सैन्याला माघार घ्यावी लागली. जॅनिस व स्टीफन मॅकिनन यांनी १९८८ मध्ये लिहिलेल्या चरित्रात ती कोणत्याही पक्षाची नसलेली, स्वयंभू बंडखोर म्हणून उभी राहते. तिला निर्दोष मानूनच कामाला लागलेल्या रूथ प्राइस यांनी २००५ च्या चरित्रात निराळा पुरावा पुढे ठेवला. कम्युनिस्ट इंटरनॅशनलसाठी आणि सोव्हिएत गुप्तचरांसाठी तिने काम केले होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शांघायमध्ये रिखार्ड झोर्गे या सोव्हिएत हेराला तिनेच जपानी पत्रकार ओझाकी होत्सुमी यांच्याशी गाठ घालून दिली होती. ओझाकींनी 'डॉटर ऑफ अर्थ'चे जपानी भाषांतर केले आणि १९४४ मध्ये झोर्गेबरोबर ते फासावर गेले. 'बॅटल हिम ऑफ चायना' हा ग्रंथ जितका चीनचा तितकाच तिच्या आयुष्याचा; आणि या संबंधांविषयी त्यात अर्थातच मौन आहे.

हे मौन क्षुल्लक नाही. युद्धकाळात काही नावे न घेणे वेगळे आणि स्वतःला केवळ साक्षीदार म्हणून मांडणे वेगळे. 'डॉटर ऑफ अर्थ'च्या आरंभी लहान मेरी मनातल्या गोष्टी खऱ्या म्हणून सांगते आणि आईच्या हातचा मार खाते. कल्पना आणि खोटेपणा यांतली सीमा तिला तेव्हा कळत नव्हती. सत्तावन्न वर्षांच्या बाईला ती कळत होती. ज्या सत्तेसाठी तिने हे मौन पाळले तिने तिच्याच माणसांना सोडले नाही. चट्टोपाध्याय यांना तिने १९३३ मध्ये अखेरचे पाहिले. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांना गोळी घालण्यात आली. तेव्हा ती येनानच्या डोंगरांत चू तेह यांच्या बालपणाच्या आठवणी उतरवून नुकतीच आघाडीकडे निघण्याच्या तयारीत होती.

प्राइस यांच्या ग्रंथाने चरित्राचा हिशेब पुष्कळसा पुरा केला आहे. वाङ्मयाचा हिशेब मात्र त्याने आपोआप होत नाही. रेशीमकामगार मुली, तुरुंगातल्या बायका, मातीखाली गेलेला भाऊ यांची चित्रे कोणा मध्यवर्ती कार्यालयाच्या आज्ञेने लिहिली गेली नव्हती आणि त्यांचा तेथे काही उपयोगही नव्हता. फसलेले पुस्तक फसले ते न पाहिल्यामुळे, हेरगिरीमुळे नव्हे. असे असले तरी यापुढे तिचे प्रत्येक पान वाचताना येथे काय गाळले असेल ही शंका वाचकाबरोबर राहणार, आणि ती शंका तिने स्वतःच निर्माण केली आहे.

तिचा शेवटचा ग्रंथ 'द ग्रेट रोड'. चू तेह यांच्या मुलाखती १९३७ मध्ये झाल्या होत्या. युद्ध, आजार, कर्ज, पोलिसांची पाळत यांतून वाट काढीत ती पुढे अनेक वर्षे त्यावर काम करीत राहिली. चीनमध्ये नवे राज्य आले त्या शरदात, तेथे पोचण्याच्या आशेने, ती इंग्लंडला गेली. ६ मे १९५० रोजी ऑक्सफर्डमध्ये पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा अंत झाला. मानधनाचे हक्क तिने मृत्युपत्राने चू तेह यांना दिले होते. हस्तलिखित अपुरेच होते. १९५६ मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा मध्ये मोठी रिकामी जागा राहिली, आणि उत्तरार्धात सेनापतीच्या मोहिमांचा तपशील माणसाला झाकून टाकतो.

पूर्वार्ध मात्र तिच्या साऱ्या लेखनात सर्वांत स्थिर आहे. तेथे ती मागे सरायला शिकली आहे. सेच्वान प्रांतातील कुळाचे घर, तेरा मुलांना जन्म देणारी आई, जमीनदाराचा वचक, एका मुलाला शिकवता यावे म्हणून साऱ्या कुटुंबाने घेतलेले कर्ज. चू तेह सांगतात, ती लिहून घेते, आणि त्यांच्या आईचे वर्णन ऐकताना एकदा तिचा हात थांबतो. का थांबलीस, असे ते विचारतात. ही आपलीच आई वाटते, असे ती सांगते. तिकडे शेतावर राबणारी, इकडे दुसऱ्यांचे कपडे धुणारी. जगातल्या गरिबांचे एकच कुटुंब असते, अशा अर्थाचे काही तरी सेनापती म्हणतात. ते भाषणातले वाक्य आहे आणि भाषणात ते शोभले असते. स्मेडली ते नोंदवते आणि पुन्हा आईकडे वळते, तिच्या कामाकडे, ती पहाटे किती वाजता उठत असे याकडे.